उघाडीच्या फळ्या

तुम्ही म्हणालात, आभाळ फाटलं. टीव्हीवर म्हणालात, कागदावर लिहिलंत, मग आमच्याच चिखलात उभं राहून, नाकाला रुमाल लावून परत म्हणालात. खोटं बोललात. आभाळ इथं दर वर्षी फाटतं. आम्ही खाडीकाठची माणसं, पाण्याशी भांडतच मोठी झालो. पाणी यायचं आणि पाणी जायचं. ह्या वेळी ते आलं आणि गेलंच नाही, कारण त्याची जायची वाट तुम्ही विकून टाकली होती. सही तुमची, शिक्का तुमचा. त्या सहीखाली ज्यानं माती ओतली तो आमच्याच पाड्यातला होता, हेही लपवत नाही. पण पहिलं नाव तुमचं घेणार. त्याचं दुसरं.

काल्हेरच्या खालच्या पाड्यात त्या सकाळी माणसं गच्चीवर होती आणि भांडी पाण्यात. रामनाथच्या घराचा खालचा मजला बुडाला होता. जिन्याच्या वळणावर पाणी येऊन थांबलं होतं, आणि फ्रीज आडवा होऊन त्या पाण्यात म्हशीसारखा डुलत होता.

"सुकटीचा डबा आणलास का वर?" आक्कानं भावाच्या सुनेला, रूपाला, विचारलं. आक्का रामनाथची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली, आणि ह्या घरात कोणाला न भिणारी एकटीच.

"आक्का, गॅस गेला, टीव्ही गेला, आणि तुमाला सुकट पायजे?" रूपा म्हणाली.

"टीव्ही खाशील काय उद्या?"

मृणाली हसली. सोळा वर्षांची पोर; अजून हसू येत होतं तिला. भाविक, तिचा मोठा भाऊ, पत्र्याच्या शेडखाली टायरच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता. बापाच्या टिपरची जुनी ट्यूब. तो गोडाऊनमध्ये नाइट शिफ्ट करून पहाटे कमरेएवढ्या पाण्यातून घरी आला होता, आणि आल्या आल्या त्यानं आधी आज्याला, रामनाथला, खांद्यावर घेऊन वर आणलं होतं.

आजा मात्र कोणाशी बोलत नव्हता. गच्चीच्या कठड्याला धरून बांधाकडे बघत होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांना बांध काय दिसणार? पण कुठं बघायचं ते त्याला डोळ्यांशिवाय माहीत होतं. तिथं उघाडी होती. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेलं दार. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत सोडायच्या सागाच्या फळ्या. उधाणाला फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या. गावानं हा मान रामनाथच्या आज्याला दिला होता, आणि गावातली शेतं विकून झाली, त्यांच्यावर गोडाऊनं उभी राहिली, तरी मान कोणी परत मागितला नव्हता. रामनाथ तिथी बघून जायचा. लोक हसायचे. आत भात उरलं नव्हतं, खारं पाणी येऊन कोणाचं काय नासणार होतं? तो म्हणायचा, "बांधाला नाय कळत गोडाऊन हाय का भात. बांध आपला बांध."

आज दुज होती. पौर्णिमेनंतरची दुसरी तिथी, सगळ्यात मोठं उधाण. रात्री पाऊस कोसळत असताना, पाणी चढायच्या आधी, रामनाथ काठी टेकत बांधावर गेला आणि सगळ्या फळ्या टाकून आला. त्याच्या आयुष्यात पाणी नेहमी खाडीकडून आलं होतं. ह्या वेळी ते मागून आलं, हायवेकडून, भरावाच्या चढावरून, लोंढेच्या लोंढे.

"मीच कोंडलं," तो आता पुटपुटला. "फळ्या मी टाकल्या."

"तू दर साली टाकतोस," आक्का म्हणाली. "गप बस."

"दर साली ओहोटीला काढतो. आता ओहोटी लागली. खाडी खाली गेली आसंल. आन फळ्या तशाच हायेत."

प्रितेश, रामनाथचा मुलगा आणि भाविकचा बाप, हे सगळं ऐकत होता. त्यानं मोबाईल कानाला लावला. मोबाईलला रेंज नव्हती.

*

हारून आला तो भिंती धरत, गळ्यापर्यंत पाण्यातून. भाविकनं त्याला जिन्यावर ओढून घेतलं. पाड्याच्या टोकाला त्याचा लूमचा कारखाना होता, बारा लूमचा. जमीन रामनाथच्या बापानं त्याच्या बापाला दिलेली. दोन्ही घरांत ईद-गणपतीला ताटं जायची. आज हारूननं सलाम केला नाही.

"काका, अतिया माळ्यावर अडकलीय. तीन कारीगर आणि ती. पाणी माळ्याच्या फळीला लागलंय. वर पत्रा आहे, जायला जागा नाही. मी दोरीसाठी बाहेर पडलो आणि मागं दरवाजाच दाबला गेला पाण्यानं. उघडत नाही."

"अरे देवा," रूपा खाली बसली.

"फळ्या टाकल्यात ना तुम्ही? सगळा पाडा बोलतोय. रामनाथकाकानं फळ्या टाकल्या म्हणून पाणी तुंबलं."

"पाडा बोलतोय?" आक्का उठलीच. "ह्याच पाड्याची भातं माझ्या भावानं राखली. तवा कोण आला व्हता बोलाया?"

"आक्का, माझी बायको मरतेय तिकडं! मी मानपान काढायला आलो नाही!"

"ओरडू नको तिच्यावर," रामनाथ म्हणाला. मग कठडा सोडून वळला. "हारून बरोबर बोलतोय. मी जातो. आकडा द्या माझा."

लोखंडी आकडा शेडच्या वाशाला अडकवलेला असायचा. भाविकनं तो आधीच काढून हातात घेतला होता.

"तू कुठं जातोस, आजा? तुला जिना दिसत नाही."

"तू नको." रूपा एकदम उभी राहिली. "भाविक, ठेव ते खाली. अहो, सांगा ना त्याला!"

आता सगळे प्रितेशकडे बघायला लागले.

*

प्रितेशला काय माहीत होतं ते इथं सांगून टाकतो. गोष्टीत मजा यावी म्हणून दाबून ठेवायची माझी रीत नाही. ज्याला माहीत होतं त्यानं दाबून ठेवलं, म्हणून तर हे घडलं.

बांधापलीकडे नाला होता. उघाडीतून निघालेलं पाणी त्या नाल्यानं खाडीत जायचं. मागचा पावसाळा सरल्यावर नव्या गोडाऊनचा रस्ता नाल्यावरून न्यायचा ठरला. माती टाकायचं काम प्रितेशच्या टिपरांना मिळालं. परवानगीत लिहिलं होतं की रस्त्याखालून मोठे सिमेंटचे पाइप टाकायचे, पाण्याला वाट ठेवायची. पाइप आलेही. रस्त्याच्या कडेला उतरवले. मग तपासायला साहेब आला, पाइपांसमोर उभा राहिला, फोटो काढला, ढाब्यावर बोंबील खाल्ले आणि गेला. दुसऱ्या दिवशी तेच पाइप क्रेननं उचलून मानकोलीच्या साइटवर नेले. तिथंही फोटो काढायचा होता. "पावसाळ्याआधी टाकू," ठेकेदार म्हणाला. प्रितेशच्या टिपरांनी नाला भरून टाकला. कडेपर्यंत. वर रोलर फिरला. आता त्या भरावाला लागून गोडाऊनची उंच भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे काय आहे ते गच्चीवरून दिसत नाही.

बापानं विचारलं होतं. "नाल्याचं काय केलंव?"

"खालून पाइप टाकल्यात, बाबा."

म्हणजे तेव्हापासून म्हातारा ज्या खाडीला अडवायला फळ्या टाकत होता ती खाडी उघाडीपर्यंत येतच नव्हती. आणि आज फळ्या काढल्या तरी पाणी जाणार नव्हतं. हे त्या गच्चीवर एकट्या प्रितेशला माहीत होतं.

"काय बोलत का नाय तू?" आक्कानं त्याला विचारलं.

"बोट येईल," रेंज नसलेला मोबाईल दाखवत तो म्हणाला. "मी फोन केलाय वर. बोट येतेय."

"कवा? अतिया मेल्यावर?"

"आत्या, पाणी ओढतंय किती बघ. पोराला कशाला पाठवायचं? उपयोग... उपयोग व्हईल असं वाटत न्हाय मला."

"का नाही होणार?" हारूननं विचारलं. "ओहोटी लागलीय. फळ्या निघाल्या की पाणी सुटणार. का नाही होणार, प्रितेशभाई?"

प्रितेशनं तोंड उघडलं. समोर बाप होता. बाजूला बायको, तिच्या गळ्यात गेल्या दिवाळीचा हार, त्याच मातीतून आलेला. हारून होता, ज्याची बायको माळ्यावर होती. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

"लई पाणी हाय," तो म्हणाला. "म्हणून."

"भित्रा," आक्का म्हणाली.

रूपा आयुष्यात पहिल्यांदा आक्काच्या अंगावर गेली. "भित्रा तर भित्रा! तुमाला पोर नाही म्हणून दुसऱ्याचा पाठवताव काय?"

आक्का दोन पावलं मागं सरली. रूपाला बोललेलं परत घ्यायचं होतं, पण तेवढ्यात रामनाथ जिन्याकडे निघाला, हातांनी भिंत चाचपत. पहिल्याच पायरीवर त्याचा तोल गेला. भाविकनं त्याला धरलं, खाली बसवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"आजा, सांग कसं काढायचं. लहानपणी बघितलंय, पण सांग."

म्हातारा रडत होता. रडत रडत सांगत होता. "बांधावर उभा रहा. बांधावर गुडघाभर पाणी आसंल. आकडा फळीच्या कडीत घाल आन सरळ वर ओढ. वरची आधी. पाणी सुटलं का खांबाला धर, समोर जाव नको. तळची फळी अडली तर तिला हात लावू नको, राहू दे. ऐकलंस?"

"ऐकलं."

"तळच्या फळीला हात लावू नको."

"नाही लावत. तुझ्यामुळं काय झालं नाही, आजा. आत्ता काढतो आणि येतो."

मृणालीनं त्याच्या कमरेला दोरी बांधली. गाठ नीट बसेना, तिनं सोडून परत मारली.

"दादा, तुला पोहता येतं ना अजून?"

"येडी. तुला कोणी शिकवलं?"

जिना उतरताना तो बापाजवळ थांबला. "पप्पा, येता का?"

प्रितेशनं मान खाली घातली. भाविकला वाटलं, बाप पाण्याला घाबरला. तो हसला, बापाच्या खांद्यावर थाप मारली आणि हारूनबरोबर पाण्यात उतरला.

*

मृणालीला गच्चीवरून सगळं दिसलं. पुढे आयुष्यभर कोणी विचारलं तर ती एवढंच सांगायची की दिसलं.

ते दोघं देवळाच्या भिंतीपर्यंत पोहत गेले. तिथं हारून थांबला, भिंतीच्या खांबाला दोरी गुंडाळून. पुढे भाविक एकटा, ट्यूबवर पोट टाकून, पाय मारत. बांधावर पोचला तेव्हा तो उभा राहिला, आणि लांबून असं वाटलं की पोरगा पाण्यावर उभा आहे. त्यानं हात वर केला.

"पोचला!" मृणाली ओरडली. "आजा, पोचला तो!"

"खांब धरलाय काय?"

"धरलाय."

पहिली फळी निघाली. मग दुसरी. भाविक ती उचलून मागे टाकत होता. आणि पाणी हललं. खरंच हललं. अंगणातली एक चप्पल, कोणाची तरी बादली, थर्माकोलचे तुकडे, सगळं बांधाकडे सरकायला लागलं. जिन्याच्या वळणावरची एक पायरी ओली होऊन वर आली. रूपानं हात जोडले. आक्कानं रूपाचाच हात धरला. मघाचं दोघीही विसरल्या.

"निघालं!" रामनाथ म्हणाला. "निघालं ना? आवाज येतोय मना. निघालं!"

प्रितेश कठड्याला येऊन उभा राहिला. बांध आणि भराव ह्यांच्यामध्ये जेवढी चर उरली होती तेवढीच भरत होती. त्याला ठाऊक होतं की ती भरेल आणि पाणी थांबेल.

चर भरली. पाणी थांबलं. चप्पल थांबली, बादली जागच्या जागी गोल फिरली.

"का थांबलं?" मृणालीनं विचारलं.

"तळची फळी अडली आसंल," रामनाथ म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याला कळलं आपण काय म्हणालो. "त्याला सांगा! हात लावू नको म्हणा तिला!"

भाविक खाली वाकून बघत होता. आकडा आत घालून ढोसत होता. त्यालाही तेच वाटलं होतं जे आज्याला वाटलं. ज्या माणसांनी पिढ्यानपिढ्या ती उघाडी सांभाळली, त्यांना पाणी थांबण्याचं दुसरं कारणच माहीत नव्हतं. त्यानं माळ्याकडे बघितलं, लूमच्या पत्र्याकडे; पावसात वर कोणी आहे का ते दिसत नव्हतं. मग आकडा टाकला, श्वास घेतला आणि खाली गेला.

वर आला. परत गेला.

तेव्हा प्रितेश ओरडला. कठड्यावर अर्धा बाहेर वाकून, गळ्याच्या शिरा फुगवून. "वर ये! भाविक! सोड ती फळी! पुढं वाट न्हाय! भरलाय नाला, मी भरलाय, पाइप न्हाय खाली, काय न्हाय! वर ये रे!"

पाऊस पत्र्यावर कोसळत होता. बांधापर्यंत त्यातलं एक अक्षरही गेलं नाही. गच्चीवर मात्र सगळ्यांनी ऐकलं.

भाविक वर आला नाही. दोरी ताणली गेली, हारून तिच्यावर मागं रेलला. काही हललं नाही. मग हारूननं दोरी कमरेला बांधली आणि स्वतः पाण्यात उडी टाकली.

*

हारूननं त्याला ट्यूबवर घालून आणलं. तळची फळी खाचेतून तिरकी झाली होती आणि त्याचा पाय तिच्याखाली होता. हारूनचे हात कोपरापर्यंत सोलले होते. जिन्याच्या पायरीवर भाविकला ठेवून तो धापा टाकत म्हणाला, "काका, मला माफ करा. मी सांगितलं म्हणून गेला तो."

अतिया वाचली होती. कारीगरांनी लूमचा लोखंडी दांडा मारून पत्रा फोडला आणि तिला वर ओढून घेतलं. पाऊस जरा ओसरल्यावर बांधावरून हारूनला ती छपरावर बसलेली दिसली होती. भाविक पाण्यात उतरला त्याच्या आधीच ती बाहेर पडली असणार. म्हणजे ज्या कामाला तो गेला ते काम त्याच्याशिवायच झालं होतं, आणि जे काम त्यानं केलं त्याला अर्थच नव्हता.

रूपा ओरडली नाही. पदरानं पोराच्या नाकातला चिखल पुसत बसली. एक नाकपुडी झाली की दुसरी. प्रितेश जवळ यायला लागला तेव्हा तिनं मान न वळवता म्हटलं, "हात लावू नका त्याला."

"रूपा..."

"लावू नका."

रामनाथनं विचारलं, "पाइप टाकल्यात बोललास ना मना?"

"ठेकेदार बोलला व्हता टाकतो. साहेब आला, फोटो काढून गेला. मी एकटा काय करणार व्हतो, बाबा? सगळ्यांनी सह्या केल्या."

"मी सकाळपास्नं बोलतोय, मी कोंडलं, मी कोंडलं. तू ऐकत व्हतास."



"बापाला चोर ठरू दिलास," आक्का म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता. "आन पोराला जाऊ दिलास. एका वाक्यासाठी."

*

बोट आली. नारंगी जाकिटातली माणसं, शिट्ट्या, आणि मध्ये छत्रीखाली एक साहेब. तो साहेब तोच होता का, प्रितेशला विचारा. प्रितेशनं त्याला बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बायका आणि म्हातारे आधी," जाकीटवाला ओरडला. "चला, लवकर. बॉडी नंतर नेऊ, दुसऱ्या फेरीत."

"बॉडी न्हाय ती," आक्का म्हणाली. "भाविक हाय."

"हो आजी, ठीक आहे, बसा."

हारूननं आणि जाकीटवाल्यानं आज्याला धरून बोटीत बसवलं. आक्का गेली. रूपा पोराला सोडून हलेना, तिला दोघांनी उचलावं लागलं. मग मृणालीकडे हात आला.

ती उभीच राहिली. पाणी तिच्या घोट्याला लागत होतं, शेजारच्या पायरीवर भाऊ होता.

"ताई, वेळ नाही. बस."

"मी साहेबांशी बोलतेय," ती म्हणाली.

साहेबानं छत्री जरा वर केली. "बाळ, नैसर्गिक आपत्ती आहे ही. कोणाच्या हातात नसतं. आम्हालाही वाईट वाटतं. तुझ्या घरच्यांना मदत मिळेल, मी स्वतः बघतो."

"तुम्ही आधीपण बघून गेला होता."

"काय?"

"नाल्याखाली पाइप टाकायचे होते. तुमच्या ऑफिसातून माणूस आला, बघून गेला, बरोबर आहे म्हणून लिहून दिलं. पप्पांनी माती टाकली. पप्पा इथंच आहेत, ते नाही म्हणणार नाहीत. हो ना पप्पा?"

प्रितेशनं मान हलवली. पहिल्यांदाच, साहेबासमोर.

"हे बघ, ही जागा नाही ह्या गोष्टीची," साहेब म्हणाला. "आधी बोटीत बस. मग ऑफिसला ये, अर्ज दे, आपण बघू."

"अर्ज नाही देणार. माझा भाऊ इथं आहे, तुम्ही इथं आहात, आणि बांध तो तिथं आहे. बोट पण आहे. चला, मला घेऊन चला आणि दाखवा."

"ताई..." जाकीटवाला म्हणाला, पण त्यानं हात मागे घेतला.

"तुम्ही सही केलीत ना? मग तुम्हाला माहीत असणार. पाइप कुठं आहेत, साहेब? बोला. कुठं आहेत पाइप?"